राजगिऱ्याएवढं अक्षर

मेटगळ्ळी, म्हैसूर
१६ नोव्हेंबर १९८८

ती. भागीरथीअक्कांस,

मालोजीचा नमस्कार. इकडे कारखान्यात दुरुस्तीच्या मोटरी फिरताहेत आणि माणसंही, तेव्हा काळजी नको. बेळगावातही तसंच असेल असं धरून चालतो.

रविवारी तुम्ही, तुमचे बंधू गंगाधरराव आणि त्यांचा सयाजी आमच्या तुंगाला बघून गेलात. मुलीच्या बापानं आधी विचारू नये, ही रीत मला ठाऊक आहे. पण वीस वर्षं दर दिवाळीला तुम्हाला पत्र लिहितोय. थोरल्या वहिनीची बहीण हे नातं कधीच मागे पडलं, आता तुम्ही सरळ माझ्या अक्का. तेव्हा रीत ठेवा बाजूला आणि सांगा, जमलं ना?

माझ्या मते जमलं. कुणी सांगितलं म्हणाल तर माझ्या कानांनी. तुमचा भाचा तुंगाशी बोलायला मागच्या अंगणात गेला, तेव्हा त्याचे बूट कवायतीसारखे वाजत होते. परत आला तेव्हा एक पायरी चुकला. आणि आमची तुंगा, जी बँकेच्या खिडकीत बसून लोकांना नाही म्हणायचा पगार घेते, ती आत एकच कप तीनदा विसळत होती. एवढं ऐकल्यावर पत्रिका कशाला बघायच्या?

गंगाधरराव मात्र फार गंभीर गृहस्थ. मी त्यांना दोन विनोद सांगितले, दोन्ही वेळा ते ‘काय?’ म्हणाले. त्यांना एकदा कान दाखवायला सांगा. अर्थात आमच्या घरीही हीच साथ आहे. अंबू ‘काय?’ म्हणते, तुंगा ‘काय अप्पा?’ म्हणते, कारखान्यात माझ्या हाताखालचा वेंकोबा ‘एन् स्वामी?’ म्हणतो. सगळं म्हैसूर बहिरं होत चाललंय, एकट्या माझे कान तेवढे शाबूत. मालही पूर्वीचा राहिला नाही. वार्निशच्या डब्यात नाक घातलं तरी वास म्हणून येत नाही. नव्या चपलांचंही तेच. उजवी चालताना सर्र सर्र घासते. तीनदा चांभाराकडे दिली, त्याला दोषच सापडत नाही.

इनलँडवर जागा बरीच उरली आहे, पण हात आवरतो. उत्तर लवकर द्या.

आपला,
मालोजी माने


बेळगाव
२५ नोव्हेंबर १९८८

श्री. मालोजीराव यांस,

तुमचं पत्र वाचलं आणि लिहिणाऱ्याचं नाव दोनदा तपासलं. हे पत्र लिहिणारा माणूस आम्हाला त्या रविवारी तुमच्या घरी भेटला नाही.

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. आम्ही आलो तेव्हा तुम्ही दारात उभे होतात, ‘या’सुद्धा म्हणाला नाहीत. म्हणाला असाल तर ते ओठांतच राहिलं. दोन तास समोर बसलात, पण चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सयाजी पाया पडला तेव्हा तुम्ही भिंतीकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलंत. तुम्ही विनोद सांगत होतात म्हणता! गंगाधरला वाटलं तुम्ही त्याच्यावर पुटपुटताय. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “मुलीच्या बापाच्या मनात नाही. आपण काय भीक मागायला गेलो होतो?”

तुम्हाला ठाऊक आहे, सयाजीला आईविना मी वाढवलाय. पोरगं तुमच्याकडून आल्यापासून ताटावर बसतं आणि उठतं. तुंगा मला सून म्हणून हवी आहे. पण धारवाडहून एक स्थळ सांगून आलंय, आणि भाऊ माझा हट्टी. पौषाआधी तिकडे जाऊ म्हणतो.

मनात काही असेल तर मला एकटीला सांगा. आणि पत्राच्या शेवटी अक्षर एवढं मुंगीसारखं का केलंत? भिंग घेऊन वाचावं लागलं. अर्धा कागद तर कोराच होता.

भागीरथी


मेटगळ्ळी, म्हैसूर
५ डिसेंबर १९८८

अक्का,

मी हसत होतो. अंबाबाईची शपथ घेऊन सांगतो, त्या दिवशी सगळा वेळ मी हसत होतो. सयाजी पाया पडला तेव्हा तर छाती भरून आली होती.

तुमचं पत्र वाचून आधी रागावलो. मग अंबूला विचारलं. ती अवऱ्याच्या शेंगा सोलत बसली होती.

“रविवारी मी पाहुण्यांपुढे कसा बसलो होतो?”

“काय?”

मोठ्यानं विचारलं.

“रोज बसता तसे.”

“म्हणजे कसा?”

शेंगा सोलायचं न थांबवता ती म्हणाली, “दोन वर्षं झाली, तुम्ही या घरात हसला नाही. वेंकोबाला कारखान्याच्या चाव्या द्या, आता पुरे झालं, असं मी म्हणाले ना, तेव्हापासून. राग धरलाय, धरू देत म्हटलं. जेवता तर आहात.”

अक्का, मला तर तिचं ते बोलणं आठवतही नव्हतं! आणि ही बाई दोन वर्षं रोज माझ्या तोंडाकडे बघून सुम्ने, गुमान आपल्या कामाला लागत होती. एकदा विचारलं नाही तिनं. मी म्हटलं, “अय्यो, राग कसला? तुझ्यावर?” तर ती माझ्याकडे बघत राहिली. मी खरं बोलतोय हे तिला कळत नव्हतं. कळणार कसं? तोंड तर तेच होतं.

मग कपाटाच्या आरशापुढे जाऊन उभा राहिलो. गंगाधररावांना सांगितलेला विनोद स्वतःलाच सांगितला. मला हसू आलं. आरशातल्या माणसाला आलं नाही.

तुम्हाला ठाऊक आहे, मी चौथी नापास माणूस, कानांच्या जोरावर वर आलो. बिघडलेली मोटर आली की स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतो, मूठ कानाला लावतो, आणि उघडायच्या आधी सांगतो काय गेलंय ते. नंजनगूडच्या गिरण्यांतून मला बोलावणं येतं. आणि माझ्याच घरात एक बाई गप्प होत गेली ते मला ऐकू आलं नाही.

गंगाधररावांना काय सांगायचं ते तुम्हीच सुचवा. अंबू म्हणते, दाढ दुखत होती म्हणून कळवा. तुंगाला अजून काही बोललो नाही. पण ती हल्ली टपालवाल्याच्या सायकलची घंटा माझ्याआधी ओळखते.

मालोजी


बेळगाव
१४ डिसेंबर १९८८

मालोजीराव,

दाढ वगैरे काही लिहायचं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दुपारी मी माझा बिस्किटांचा डबा काढला. तुमची सगळी पत्रं त्यात आहेत. जमिनीवर सालवार मांडली. पस्तीस वर्षं मराठी शाळेत मुलांचे कित्ते तपासलेत मी. माणसाचं तोंड एकदा विसरेन, पण अक्षर विसरत नाही.

एकोणसत्तर सालचं तुमचं अक्षर हरभऱ्याएवढं आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पण कसं ऐटदार! ऐंशी सालीही तसंच. पंच्याऐंशीत ज्वारीएवढं झालं. शहाऐंशीत ओळीच्या सुरुवातीला ज्वारी आणि शेवटी बाजरी. परवाच्या पत्रात शेवटची ओळ राजगिऱ्याएवढी आहे. कागद संपला म्हणून कुणी बारीक लिहितं, तुम्ही कागद उरलेला असताना लिहिलंय.

हे मी आधी एकदा पाहिलंय. आमच्या शाळेत अनंतकृष्ण मास्तर होते. त्यांची फळ्यावरची अक्षरं अशीच बारीक होत गेली. मागच्या बाकांवरची मुलं ओरडायची. आवाजही बसला. साहेबांनी ठपका ठेवला की मास्तरांना शिकवण्यात रस राहिला नाही. मीही त्यांना म्हणाले होते, “अहो, जरा हसत जा मुलांशी.” पुढे चालायचेच थांबले तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत कसलासा रस असतो, तो आटत आलाय. मी काय बोलून गेले ते मला अजून टोचतं.

डोळ्यांच्या, कानांच्या, दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नका. मेंदूच्या डॉक्टरकडे जा. चप्पल घेऊन जा आणि ती सर्र सर्रही सांगा. ती चपलेची नसेल, पायाची असेल.

धारवाडचं मी महिनाभर लांबवते. माझे गुडघे दुखतात, हे खोटंही नाही. भावाला तुमचं काही सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं आहे.

भागीरथी


मेटगळ्ळी, म्हैसूर
६ फेब्रुवारी १९८९

ती. अक्कांस,

दीड महिना गप्प राहिलो, माफ करा. आधी तपासण्या झाल्या, मग गोळ्या लागू पडेपर्यंत थांबलो. तुम्ही परीक्षेत पास. मी नापास, सवयीप्रमाणे.

इथे नजरबादेत मेंदूचे डॉ. नरसिंहमूर्ती म्हणून आहेत. त्यांनी मला चालवलं, बोटं आपटायला लावली, सदऱ्याची बटणं लावायला लावली. एक वाक्य पाच वेळा लिहायला सांगितलं. मग डोळे मिटायला लावून नाकाखाली काहीतरी धरलं. मी म्हटलं, “रिकामा डबा का हुंगवताय?” अंबू शेजारी बसली होती, तिनं तोंडाला पदर लावला. डब्यात कॉफीची ताजी पूड होती. म्हैसुरात राहून कॉफीचा वास गेला, अक्का! आणि मी वार्निशवाल्याशी भांडत होतो. डॉक्टर पुढे झुकून म्हणाले, “नगी, स्वामी, स्वल्प नगी.” हसा, थोडं हसा. मी माझ्या परीनं हसलो. ते लिहायला लागले.

पार्किन्सन म्हणतात याला. मेंदूच्या तळाशी एक काळसर ठिपका असतो, त्यात डोपामिन नावाचं रसायन तयार होतं. ते माझ्यात फार थोडं उरलंय. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, पण मला समजलं ते माझ्या भाषेत. सिंगल फेजच्या मोटरचा कंडेन्सर गेला की काय होतं? करंट आहे, कॉइल ठीक आहे, मोटर गुं गुं करते, पण फिरत नाही. शाफ्टला हातानं ढकललं की लागते फिरायला. तसा मी. हसू आत गुं गुं करत होतं, चेहऱ्याला सुरुवात करून देणारं कुणी नव्हतं. आवाजाचं तेच, पायाचं तेच, अक्षराचं तेच. सगळं म्हैसूर बहिरं नव्हतं, मीच पुटपुटत होतो. गंगाधररावांच्या कानांवर घेतलेला आळ परत घेतो.

आणखी एक त्यांनी सांगितलं, ते मनाला फार लागलं. नुसतं हलायला नव्हे, एखादी गोष्ट करावीशी वाटायलाही हेच रसायन लागतं. नवीन काही जमलं की आतून कुणीतरी शाबास म्हणतं ना, त्यातही याचा हात असतो, आणि त्या शाबासकीवरच माणूस शिकत जातो. दोन वर्षांपूर्वी वेंकोबानं कॉइल गुंडाळायचं नवं यंत्र आणलं. मी त्याला हात लावला नाही. म्हातारा झालो, हौस संपली, असं स्वतःला सांगत होतो. मन मेलं म्हणून घाबरलोही होतो, कुणाला बोललो नाही. डॉक्टर म्हणाले, “मन ठीक आहे तुमचं. त्याला रसद पोचत नाही.” दवाखान्यातून बाहेर आलो आणि किती दिवसांनी अंबूचा हात धरून रस्ता ओलांडला.

गोळी म्हणजे दुरुस्ती नव्हे, ढकल आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. रोज तीन गोळ्या, आणि पुढे वाढत जातील. तुंगाला होईल का, असंही विचारलं. बहुतेकांत ते वारशानं येत नाही म्हणाले. ‘बहुतेकांत’ म्हणाले, तेही जसंच्या तसं लिहितो.

पण ढकल लागू पडते! तिसऱ्या आठवड्यात मी अंघोळीच्या पाण्यावरून अंबूला हाक मारली तर पलीकडच्या घरातून ‘आँ?’ आलं. वेंकोबाच्या यंत्रावर एक कॉइल काढून पाहिली. वाकडी आली, पण दुसरी काढावीशी वाटली.

फक्त एक कोडं आहे. दर रविवारी गोळी सुट्टीवर जाते. सोमवार ते शनिवार चालते, रविवारी दुपारनंतर पुन्हा दगड. कारखाना बंद म्हणून अंगही बंद होतं की काय? शोधतोय.

आता मुख्य. अंबू म्हणते, लग्न लागेपर्यंत आजाराचं नाव काढू नका. तिचं चूक म्हणत नाही, आई आहे ती. तुंगाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “अप्पा, लपवून नको. लपवून जमलं तर मला रोज भीती वाटेल.” तेव्हा गंगाधररावांना सांगणार आहे. पण पत्रातून नको. मागच्या वेळी तुम्हाला पत्र हसरं आणि त्यांना माणूस दगड मिळाला. या वेळी समोर बसून, चेहऱ्यानं सांगेन. एकदा त्यांना घेऊन या, एवढंच करा.

मालोजी


बेळगाव
१५ फेब्रुवारी १९८९

मालोजीराव,

मी येत नाही, गुडघ्यांनी खरंच संप केलाय. भाऊ आणि सयाजी येतील. रविवार २६ मार्च. सयाजीला इतर कुठल्या दिवशी सुट्टी मिळत नाही, म्हणून रविवारच. तुमची गोळी रविवारी रुसते हे माहीत असून लिहिते आहे, माझा इलाज नाही.

भाऊ म्हणाला, “तुझ्यासाठी एकदा जातो. त्या माणसाचं तोंड तसंच असलं तर तिसऱ्यांदा म्हणू नकोस.” धारवाडचं तोवर थोपवून धरलंय.

सोबत दुरेघी कित्ता पाठवते. रोज एक पान. वरची रेघ आणि खालची रेघ दोन्हींना अक्षर टेकलं पाहिजे. हात आपणहून मोठा होत नसेल तर त्याला रेघ दाखवावी लागते, पहिलीतल्या मुलांना दाखवतो तशी. लाजू नका.

भागीरथी


मेटगळ्ळी, म्हैसूर
२९ मार्च १९८९

ती. अक्कांस,

तुमच्या कित्त्याच्या दोन रेघांमध्ये हे पत्र लिहितोय. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी एक असे दोन दिवस लागले.

आधी कोडं सांगतो. ५ मार्चच्या रविवारी आमचा खाटीक मुलीच्या लग्नाला गावी गेला. घरात नुसता सारू-भात, आपलं पातळ सार आणि भात. आणि त्या दिवशी दुपारी मी चामुंडीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत चालून आलो! पुढच्या रविवारी खाटीक परत, मटण परत, मी दगड. मोटर बिघडली की आधी काय बदललं ते बघायचं, हा धंद्यातला पहिला धडा. सोमवारी नजरबादेत जाऊन बसलो. म्हटलं, “डॉक्टर, तुमच्या गोळीचं आणि बकऱ्याचं वैर आहे का?” ते खुर्चीत मागे रेलून हसले. खरंच आहे म्हणे. पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला मटणातल्या प्रथिनांना आणि गोळीला एकच दार. मटण धिप्पाड, गोळी बाहेर उभी. जेवणाआधी घ्या असं त्यांनी सांगितलं होतं, पण एवढं भरपेट रविवारचं जेवण त्यांच्या हिशेबात नव्हतं. ते पडले शाकाहारी.

म्हणजे उपाय सोपा, दुपारी मटण नको. पण अक्का, मराठ्याच्या घरी सोयरे येणार, रविवारी येणार, पानात मटण असणारच. आणि यजमान त्याच पंगतीत बसून सारू-भात खाणार? पाहुण्याला वाटेल, आमच्याबरोबर जेवायलाही याला कमीपणा वाटतो. मागच्या वेळी हसलो नाही, या वेळी जेवलो नाही. अंबू म्हणाली, “चार घास खा, काय होतंय?” काय होतंय ते मला ठाऊक होतं.

ते आले. मी दारात उभा होतो. ‘या’ म्हणालो, तुमच्या शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं असेल. गंगाधररावांनी मान हलवली, बस्स. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. तोंड उघडून मुख्य गोष्ट सांगायची, तर पानं वाढली म्हणून अंबूनं हाक मारली. तिनं मुद्दामच मारली, मला तिची हाक कळते.

पानावर बसलो. त्यांच्या पुढे मटण, सयाजीच्या पुढे मटण, माझ्या पुढे सारू. गंगाधररावांचा हात पानावर तसाच थांबला.

“यजमान, तुमचं पान?”

“हेच माझं पान.”

“का? आमच्याबरोबर चालत नाही?”

आत भांडी वाजायची थांबली. तुंगा दाराआड होती, तिच्या बांगड्यासुद्धा वाजत नव्हत्या. मी म्हटलं, “गंगाधरराव, मला पार्किन्सन नावाचा आजार आहे. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हाही होता, मला माहीत नव्हता. चेहरा हलत नाही त्यात. गोळी घेतली की हलतो. पण मटण खाल्लं की गोळी लागत नाही. तेव्हा आज एकच जमेल. तुमच्याबरोबर मटण खातो, नाहीतर तुमच्याकडे बघून हसतो. काय हवं ते सांगा.”

आणि अक्का, सांगतानाच मला हसू आलं. या वेळी आत राहिलं नाही. मला ते गालांवर कळलं.

तुमचा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, उठतो आता. मग त्यांनी आपली मटणाची वाटी उचलून सयाजीच्या पानात ठेवली आणि आत बघून म्हणाले, “वहिनी, मलाही सारू वाढा. सोयऱ्याच्या पानात नाही ते माझ्या पानात कशाला?”

पुढचं ते हळू बोलले, पण माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. सयाजीला म्हणाले, “तुझी आई गेल्यावर वर्षभर माझंही तोंड असंच होतं. कुणी विचारलं नाही, सगळे घाबरून लांब राहिले. आणि मीच या माणसाला विचारलं नाही.” सयाजी दोन्ही वाट्या संपवून तिसरी मागत होता, तेव्हा तुमची ताटावरून उठण्याची काळजी मिटली.

मी त्यांना पुढचंही सगळं सांगितलं. गोळ्या वाढतील, हात कापेल, एखाद दिवशी चालताना मध्येच थांबेन. ते म्हणाले, “थांबलात तर ढकलू.” वैशाखातली तारीख बघायला सांगितलीय.

त्या सगळ्यात अंबू सारू वाढायला वाकली होती. मी तिच्याकडे बघून हसलो. पाहुण्यांसमोर, पंगतीत, या वयात. तिच्या हातातली पळी भांड्यावरच थांबली. एवढा वेळ बघत राहिली की गंगाधररावांच्या भातावरून सारू वाहायला लागला. आणि अंबू हसली.

मालोजी


बेळगाव
१० एप्रिल १९८९

चि. मालोजीराव यांस आशीर्वाद.

तुमचं पत्र लाल शाईनं तपासून सोबत परत पाठवते आहे, जपून ठेवा. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकोणीस चुका आहेत, त्या मी सोडून दिल्या. काना बऱ्याच ठिकाणी वरच्या रेघेला टेकत नाही. दुसऱ्या पानावर, जिथे तुम्ही गोळ्या वाढतील लिहिलंय, तिथे अक्षर पुन्हा बारीक झालंय. तिथे मी खूण केली नाही.

मग डबा काढला आणि एकोणसत्तर सालचं पत्र शेजारी ठेवून पट्टीनं मोजलं. सगळ्या पत्रात तीनच शब्द हरभऱ्याएवढे आले आहेत. सहीच्या आधीचे, शेवटचे तीन.

कित्ता दुसरा पाठवते. लग्नाच्या पत्रिकांवर पत्ते तुम्ही स्वतःच्या हातानं लिहायचे.

भागीरथी